माल कुणाकडे जातोय? निःशस्त्रीकरणाच्या प्रशिक्षणाचा अनुभव

ट्रायइथॅनॉलअमाइन शाम्पूत असतं, चेहऱ्याच्या क्रीममध्ये असतं, सिमेंटचं क्लिंकर दळायला सोपं जावं म्हणून गिरणीत जे मिश्रण घालतात त्यातही असतं. आमच्या धंद्यात त्याला नुसतं टीईए म्हणतात. त्याचे ड्रम स्टोअरमध्ये ओळीने उभे असतात आणि त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. हेच टीईए रासायनिक अस्त्र कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे नजर ठेवायच्या रसायनांच्या यादीत आहे, कारण नायट्रोजन मस्टर्ड या अस्त्राच्या पूर्वद्रव्यांत, म्हणजे ते बनवायच्या कच्च्या मालात, त्याची गणना होते. केमिकल इंजिनीअरिंगची पदवी झाली, कुरकुंभच्या एका कारखान्यात नियमन विभागात नोकरी लागली, अनुसूचीतल्या रसायनांचे तक्ते मी भरूही लागले. पण त्या तक्त्यांच्या मागे काय आहे, ते मला एका प्रशिक्षणात उलगडलं. त्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पुण्यात रसायनं, औषधं, लशी आणि संरक्षण या क्षेत्रांत इतकी तरुण मंडळी काम करतात, आणि असं प्रशिक्षण असतं हेच त्यांतल्या बहुतेकांच्या कानावर आलेलं नाही.

विषय होता सर्वसंहारक अस्त्रं, म्हणजे अण्वस्त्रं, रासायनिक आणि जैविक अस्त्रं, त्यांचं निःशस्त्रीकरण आणि त्यांच्या प्रसाराला आळा. प्रशिक्षण पुण्यातल्याच एका संस्थेने भरवलं होतं, नोकरीत नुकते स्थिरावलेल्या तरुणांसाठी आणि संशोधकांसाठी. अर्जासोबत वरिष्ठांचं पत्र आणि एक पानी निवेदन मागितलं होतं: तुमच्या रोजच्या कामाचा या विषयाशी संबंध काय? मी आमच्या वार्षिक घोषणेबद्दल लिहिलं. करारानुसार प्रत्येक सदस्य देशाला अनुसूचीतल्या रसायनांची मागच्या वर्षीची माहिती वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत हेगला, या कराराचं काम पाहणाऱ्या ओपीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय संघटनेला, द्यावी लागते. ती गोळा होते कारखान्यांकडून. दिल्लीत मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीत यासाठी राष्ट्रीय प्राधिकरण आहे, आणि त्याच्याकडे जाणारे आमच्या कारखान्याचे आकडे माझ्या टेबलावरून जातात. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा त्यात या निवेदनाचा खास उल्लेख होता.

घरी सांगितलं तेव्हा बाबा गप्प बसले. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, आजोबाही तिथेच होते. १८६९ साली सुरू झालेला तो कारखाना, आमच्या घराच्या दोन पिढ्या त्यावर जगल्या. जेवताना त्यांनी विचारलं, "म्हणजे शस्त्रंच नकोत असं शिकवणार का तुला? मग सैन्याने करायचं काय?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पहिल्याच सत्रात मिळालं आणि त्याच संध्याकाळी मी ते त्यांना सांगितलं. बंदुकीची गोळी आणि मस्टर्डसारखा विषारी वायू यांत आंतरराष्ट्रीय कायदा फरक करतो, तो उगीच नाही. गोळीला नेम असतो. विषारी वायू वारा नेईल तिकडे जातो, रोगजंतू माणसामाणसांतून पसरतो, आणि खंदकातला सैनिक व पाळण्यातलं मूल असा भेद दोघांनाही करता येत नाही. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला, त्यानंतर दोन्ही बाजूंनी वायू वापरले गेले. युद्ध संपल्यावर १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने युद्धात असा वापर निषिद्ध ठरवला. पण बनवायला आणि साठवायला मोकळीक राहिली. तिच्यावर बंदी यायला जैविक अस्त्रांच्या बाबतीत १९७२ आणि रासायनिक अस्त्रांच्या बाबतीत १९९३ साल उजाडावं लागलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं कळत होतं तर मधली सत्तर वर्षं काय केलं?" पुढे वर्गात बरेच विद्वान प्रश्न विचारले गेले, पण मला अजूनही हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो.

गट छान मिसळलेला होता. विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागातून एम. ए. केलेले दोघं, विषाणूंवर पीएच. डी. करणारी एक मुलगी, न्हावा शेवा बंदरात कस्टम्सची कागदपत्रं सांभाळणारा एक सीएचए, म्हणजे कस्टम्स एजंट, एक वकील, सैन्यातले एक कॅप्टन, एक पत्रकार ताई. शिकवायला हेगला काही वर्षं निरीक्षक म्हणून काम केलेले एक सर होते, लष्करी वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेल्या डॉक्टर मॅडम होत्या, निर्यात परवान्यांचं काम पाहिलेले एक अधिकारी होते. असा वर्ग पुण्यात जमणं साहजिकच आहे. एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाषाणला, विषाणू संस्थेची सर्वाधिक जैवसुरक्षेची बीएसएल-४ प्रयोगशाळा पाषाणला, स्फोटक द्रव्यांवर संशोधन करणारी एचईएमआरएलही पाषाणलाच. दापोडीच्या सीएमई या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात जवानांना आण्विक, जैविक आणि रासायनिक हल्ल्यापासून बचाव शिकवला जातो. एनडीआरएफ या आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला. हे सगळे एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर असूनही एका टेबलाभोवती सहसा बसत नाहीत.

अण्वस्त्रांवरची व्याख्यानं मी इथे थोडक्यात उरकते, कारण त्यावर मराठीत बरंच लिहून आलं आहे. अण्वस्त्रप्रसारबंदी करार १९६८ चा, अंमलात आला १९७० मध्ये. १ जानेवारी १९६७ च्या आधी चाचणी केलेले पाच देश त्यात अण्वस्त्रधारी ठरले आणि बाकीच्यांनी अण्वस्त्रं न बनवण्याचं वचन दिलं. भारताने हा भेदभाव मान्य केला नाही, सही केली नाही. यावर आमच्या वर्गात जोरदार वाद झाला आणि तो अर्थातच पाकिस्तानपर्यंत गेला. मला त्या वादापेक्षा एक साधी गोष्ट जास्त मोलाची वाटली. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ ला केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुप्रकल्पांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबईवर झाला, तरी यादी गेली आणि आली. त्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात. त्या चार ओळी आता मी शोधून वाचते.

रासायनिक अस्त्रांकडे वळलो तेव्हा मी सरसावून बसले. १९९३ ला पॅरिसमध्ये सह्यांसाठी खुला झालेला हा करार २९ एप्रिल १९९७ ला अंमलात आला. आज त्याचे १९३ सदस्य देश आहेत. अण्वस्त्र करारासारखे यात दोन वर्ग नाहीत: सगळ्यांनी साठा जाहीर करायचा आणि सगळ्यांनी तो नष्ट करायचा. १९९७ मध्ये भारताने आपल्याकडे १,०४४ टन मस्टर्ड असल्याचं जाहीर केलं आणि २००९ पर्यंत ते सगळं आंतरराष्ट्रीय निरीक्षकांसमोर नष्ट केलं. जाहीर केलेला संपूर्ण साठा संपवणारा भारत जगातला तिसरा देश. अमेरिकेचं काम संपायला ७ जुलै २०२३ उजाडला, आणि त्या दिवशी जगभरात जाहीर झालेल्या ७२,३०४ टनांचा शेवटचा भाग नष्ट झाला. माझ्या शाळेच्या पुस्तकात पोखरण होतं, १९७४ ही आणि १९९८ ही. २००९ ची ही गोष्ट कुठेच नव्हती. ती असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आपल्या देशाने हाती असलेलं एक भयंकर अस्त्र शब्द देऊन संपवलं, हे मुलांना कळलं पाहिजे.

या कराराची खरी ताकद त्याच्या व्याख्येत आहे. कुठलंही विषारी रसायन आणि त्याचं पूर्वद्रव्य हे अस्त्रच मानलं जातं, जर ते करारात मान्य असलेल्या हेतूंसाठी नसेल. उद्योग, शेती, औषध, संशोधन हे मान्य हेतू, आणि त्या हेतूला शोभेल तेवढंच प्रमाण. अनुसूच्या आहेत त्या तपासणीच्या सोयीसाठी. उद्या कुणी यादीत नसलेला नवाच रेणू माणसं मारायला बनवला तर तोही आपोआप बंदीखाली येतो. फॉस्जीनचंच बघा. पहिल्या महायुद्धात वायूने मेलेल्यांत सर्वाधिक बळी त्याचे होते, आणि आज पॉलियुरेथेन, पॉलिकार्बोनेट बनवताना तो टनावारी लागतो. रसायन तेच, मग तपासायचा तो हेतू. आणि हेतू तपासायचा तर प्रश्न विचारणारा माणूस लागतो, तो जिनिव्हाला असून भागत नाही, डिस्पॅचच्या टेबलावर लागतो.

हे आमच्या अंगवळणी पडावं म्हणून निर्यातीचा एक सराव होता. एका काल्पनिक व्यापाऱ्याची चौकशी आमच्या हातात दिली. मागणी थायोडायग्लायकॉलची, ४० टन. हे दुसऱ्या अनुसूचीतलं रसायन, कापड रंगवताना आणि बॉलपेनच्या शाईत वापरलं जातं, आणि मस्टर्डचं ते थेट पूर्वद्रव्य आहे. पत्र स्वच्छ इंग्रजीत, कापड उद्योगासाठी माल हवा आहे, सगळी रक्कम आगाऊ देतो, ड्रमवर फक्त लॉट नंबर टाका, नाव टाकू नका. एवढं वाचून आम्ही सगळे कागदावर वाकलो. वकिलाने पाहिलं की माल घेणारी कंपनी एका देशात, पोचवायचा पत्ता दुसऱ्या देशातला आणि तो पत्ताही गोदामवाल्याचा. मी वापराचं प्रमाण बघत होते: पत्रात जेवढं कापड रंगवतो म्हटलं होतं, त्याला एवढा माल लागणं शक्यच नव्हतं. सगळ्यात आधी मात्र शंका आली ती सीएचएला. तो म्हणाला, "मॅडम, यांनी भाव पाडून मागितलाच नाही. असं गिऱ्हाईक मी तरी बघितलेलं नाही."

मग त्याने आम्हाला त्याच्या टेबलावरची अडचण समजावली. केमिस्ट माणूस रसायन ओळखतो कॅस नंबरावरून, म्हणजे प्रत्येक रसायनाच्या स्वतंत्र क्रमांकावरून, तर कस्टम्सचं काम चालतं एचएस कोडवर, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकावर. बऱ्याच सेंद्रिय रसायनांचा माल 'इतर' या एकाच कोडाखाली जातो आणि त्यात काय दडलंय ते कळायला मार्ग राहत नाही. करारातल्या अनेक रसायनांना २०१७ पासून स्वतंत्र उपशीर्षकं मिळाली म्हणून निदान ती तरी वेगळी दिसतात. त्याच्या या पंधरा मिनिटांत मला जेवढं कळलं तेवढं कुठल्या स्लाइडवरून कळलं नव्हतं. यापुढची पायरी म्हणजे स्कोमेटची यादी. दुहेरी वापराच्या वस्तूंची ही आपली राष्ट्रीय यादी, परवान्याचा अर्ज डीजीएफटीकडे, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाकडे, आणि निर्णय अनेक मंत्रालयांच्या एकत्रित गटात. सोबत अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र लागतं, मधल्या व्यापाऱ्याचं चालत नाही. शिवाय २००५ चा सर्वसंहारक अस्त्रांविषयीचा आपला कायदा आहे: वस्तू यादीत नसली तरी ती अशा अस्त्रासाठी जाणार हे माहीत असेल तर ती पाठवता येत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल २००४ मध्ये, सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव करून असे कायदे करणं सगळ्या देशांना बंधनकारक केलं होतं.

वकिलाने विचारलं, "सर, आपण हो-नाही करेपर्यंत ऑर्डर दुसऱ्याकडे गेली तर?" अधिकारी म्हणाले, "गिऱ्हाइकाला तीन प्रश्न लिहून पाठवा. कुठल्या प्लॅन्टला वापरणार, महिन्याला किती लागतं, आधी कुणाकडून घेत होता. खऱ्या गिऱ्हाइकाचं उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, वर प्लॅन्ट बघायला बोलावतो. खोट्याचं येत नाही." मी हे तीन प्रश्न तेव्हाच वहीत उतरवले, आज ते आमच्या नव्या ग्राहकाच्या फॉर्मवर छापलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मॅडमचं सत्र होतं, आणि आदल्या दिवशीचे ४० टन तेव्हा वेगळेच दिसायला लागले. मस्टर्डचा घात लगेच कळत नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. अंगावर पडतं तेव्हा दुखत नाही. माणूस घरी जातो, मुलांना जवळ घेतो, त्याच कपड्यांनी झोपतो. काही तासांनी डोळे सुजून बंद होतात, कातडीवर फोड उठतात, श्वासनलिका आतून सोलली जाते. २८ जून १९८७ ला इराकच्या विमानांनी इराणमधल्या सरदश्त या गावावर मस्टर्डचे बॉम्ब टाकले. वस्तीचं गाव होतं ते. मॅडमनी तिथून वाचलेल्या लोकांच्या फुप्फुसांबद्दल सांगितलं, तीस-तीस वर्षांनंतरही दोन जिने चढताना थांबावं लागणाऱ्या माणसांबद्दल. पुढच्या वर्षी, १६ मार्च १९८८ ला, इराकमधल्याच हलब्जा गावावर रासायनिक हल्ला. स्वतःच्याच देशातल्या कुर्द नागरिकांवर. छायाचित्रं फार दाखवली नाहीत त्यांनी. एक दाखवलं आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं बाहेर जाऊन या." कुणी उठलं नाही.

मग त्यांनी फ्रान्स व्हान आनरात या डच व्यापाऱ्याचं प्रकरण काढलं. त्याने १९८० च्या दशकात सद्दाम हुसेनच्या राजवटीला हजार टनांहून जास्त थायोडायग्लायकॉल पुरवलं. बॉम्ब टाकणारे हात दुसऱ्यांचे होते, याने बिलं फाडली आणि माल जहाजावर चढवला. डिसेंबर २००५ मध्ये हेगच्या डच न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यांत साहाय्य केल्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा सुनावली, अपिलात ती वाढली. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक विक्री अधिकाऱ्याला रुजू होताना हा खटला सांगितला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सुरक्षेची टोपी आणि बूट देतो ना आपण पहिल्या दिवशी, त्याच दिवशी.

सर्वांत जास्त तयारी मागितली ती लुटुपुटुच्या तपासणीने. एका कॉलेजचा पायलट प्लॅन्ट हा कारखाना झाला. मी कंपनीची प्रतिनिधी, विषाणूवाली मुलगी निरीक्षक पथकाची प्रमुख. करारात याचे नियम नेमके आहेत. दुसऱ्या अनुसूचीच्या कारखान्याला ४८ तासांची पूर्वसूचना आणि तपासणी ९६ तासांपर्यंत. तिसऱ्या अनुसूचीच्या कारखान्याला १२० तासांची पूर्वसूचना आणि २४ तासांत काम आटोपायचं. आल्या आल्या कारखान्याने माहिती द्यायची, तीन तासांच्या आत. मग फेरी. निरीक्षकांनी स्वतः वाटेल तिथे कॅमेरा चालवायचा नाही, त्यांना हवा तो फोटो आपल्या माणसाने काढून द्यायचा. नमुना हवा असेल तर तोही आपण काढायचा, त्यांच्यासमोर.

आम्ही फिरत होतो. कॅप्टनसाहेब रिॲक्टरच्या नेमप्लेटवरची क्षमता उतरवून घेत होते, पत्रकार ताई पाइपलाइन नकाशाशी ताडून बघत होती. एका ब्लाइंड केलेल्या, म्हणजे तोंड बंद केलेल्या लाइनपाशी थांबून तिने विचारलं, "ही पुढे कुठे जाते?" नकाशावर ती नव्हती. जुन्या प्रयोगाची होती, पलीकडे कापलेली होती, मी नेऊन दाखवली. मग टेबलावर कागद मांडले. स्टोअरच्या इश्यू रजिस्टरात १,२५० किलो, बॅच शीटवर १,२०० किलो. पथकप्रमुख शांतपणे म्हणाली, "ताई, वरचे पन्नास किलो कुठे आहेत?" आयोजकांनी हा फरक मुद्दाम पेरला होता, आणि त्याचं उत्तरही फायलींत कुठेतरी ठेवलं होतं. मी क्यूसीचे, म्हणजे गुणवत्ता तपासणीचे रिपोर्ट काढले, एक कॅन ओलाव्यामुळे नापास झालेला दिसला. मग परत पाठवल्याची चिठ्ठी, तिचा गेटपास, गेटवरच्या वहीतली गाडीची नोंद. चारही कागदांवर तोच लॉट नंबर जुळला तेव्हा तिने मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. त्या अर्ध्या तासात मला आमच्या गेटवरच्या वॉचमनची वही नव्याने दिसली. हातातल्या साध्या बॉलपेनने तो जी वेळ आणि गाडी नंबर लिहितो, त्यावर एका देशाच्या शब्दाची किंमत ठरू शकते.

नमुन्यांबद्दल सरांनी एक गोष्ट सांगितली, ती कारखानदारांनी जरूर ऐकावी. हेगचे निरीक्षक नमुन्यातली रसायनं ओळखणारं स्वतःचं जीसी-एमएस यंत्र सोबत आणतात आणि ते अशा पद्धतीने चालवता येतं की नमुन्यात अनुसूचीतलं रसायन आहे की नाही एवढंच कळतं. बाकी घटक पडद्यावर येत नाहीत. तुमचं व्यापारी गुपित तुमच्याकडेच राहतं. तपासणी म्हटली की आपल्याकडे आधी धास्ती घेतात, पण इतका सांभाळून केलेला नियम मी तरी दुसऱ्या कुठल्या कायद्यात पाहिलेला नाही.

जैविक अस्त्रांच्या बाबतीत मात्र असं काहीच नाही, आणि हे ऐकून मी अस्वस्थ झाले. करार १९७२ चा, अंमल १९७५ पासून, पण निरीक्षक नाहीत, तपासणीची यंत्रणा नाही, जिनिव्हात मूठभर माणसांचं कार्यालय. देशांनी दर वर्षी १५ एप्रिलपर्यंत आपापल्या प्रयोगशाळांची माहिती विश्वास वाढावा म्हणून द्यायची असते, आणि बरेच देश तीही देत नाहीत. विषाणूवाली मुलगी म्हणाली, "आमच्या फ्रीझरमधली जंतूंची एक व्हायल, छोटी कुपी, जागेवर नसेल तर आम्ही घरी जात नाही. पण हे आमच्या गाइडनी शिकवलं म्हणून. करारात कुणी येऊन बघणार आहे, असं नाही." जंतू ड्रमसारखे मोजता येत नाहीत, एका व्हायलच्या हजार होतात, त्यामुळे वजनकाट्यावर चालणारी तपासणी तिथे लागू पडत नाही, हे मान्य. म्हणून काहीच नको, हे मला पटत नाही.

त्यातच संगणकाची भर पडली आहे. २०२२ साली एका अमेरिकी औषधसंशोधन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग जाहीर केला. नवी औषधं शोधणाऱ्या त्यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला विषारीपणा टाळण्याऐवजी तो शोधायला सांगितलं, तर सहा तासांच्या आत ४०,००० रेणू समोर आले. त्यांत व्हीएक्स या मज्जासंस्थेवर घात करणाऱ्या अस्त्रासारखे ज्ञात विषारी रेणू होते आणि नवेही होते. कागदावरचा रेणू आणि ड्रममधलं रसायन यांत अजून पुष्कळ अंतर आहे, हे त्या क्षेत्रातले लोक सांगतात. ते अंतर आमच्यासारख्या केमिस्टांच्या हातांनीच कापलं जातं, म्हणून हा भाग सर्व वर्गाने लक्ष देऊन ऐकला.

शेवटी वाटाघाटींचा सराव होता. जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत ६५ देश आहेत आणि निर्णय सर्वसंमतीने होतात. १९९६ च्या सर्वंकष अणुचाचणीबंदी करारानंतर तिथून एकही करार बाहेर पडलेला नाही. दुपारभर आम्ही वेगवेगळे देश होऊन एक परिच्छेद ठरवत बसलो आणि तो ठरला नाही. बाबांच्या त्या सत्तर वर्षांच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर मला त्या दुपारी मिळालं.

कामावर परतल्यावर मी साहेबांशी बोलले. ग्राहकाच्या फॉर्मवर ते तीन प्रश्न आले, विक्री विभागातली मुलं आता शंका आली की चौकशी माझ्याकडे पाठवतात. एक चौकशी आम्ही नाकारली. प्रश्नांना उत्तरच आलं नाही. भारतीय रसायन उद्योगाची संघटना असलेल्या इंडियन केमिकल कौन्सिलला याच क्षेत्रातल्या कामाबद्दल २०२४ चा ओपीसीडब्ल्यू-हेग पुरस्कार मिळाला आहे, म्हणजे वर दिशा ठीक आहे. पोकळी आहे ती कॉलेजांत. शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे मी एका शनिवारी बोलले, तेव्हा अनुसूची म्हणजे काय हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मुलं हुशार आहेत. दोन तास थांबली, व्हान आनरातबद्दल प्रश्न विचारत राहिली. शेवटच्या वर्षाला चार तासांचा एक घटक ठेवला तरी पुष्कळ होईल.

ज्यांना यात यायचं आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. संयुक्त राष्ट्रांची निःशस्त्रीकरण फेलोशिप १९७८ मध्ये ठरली, ती तरुण राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी असून नावं सरकार पाठवतं. केमिस्ट आणि इंजिनीअर मंडळींना जवळचा आहे तो ओपीसीडब्ल्यूचा असोसिएट प्रोग्रॅम. २००० पासून चालू आहे, विकसनशील सदस्य देशांतल्या लोकांसाठी आहे आणि त्यात परदेशी कारखान्यात प्रत्यक्ष कामही असतं. अणुविज्ञान आणि अणुसुरक्षेत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिप २०२० पासून आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण कार्यालयाचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत, तिथून सुरुवात करा. निवेदनात जगाच्या शांततेबद्दल लिहू नका, तुमच्या टेबलावरून रोज काय जातं ते लिहा. संमती आणि सह्या गोळा करण्यात वेळ जातो, म्हणून जाहिरात यायच्या आधीच वरिष्ठांशी बोलून ठेवा. मी यंदा असोसिएट प्रोग्रॅमचा अर्ज भरते आहे.